पासवर्ड बरोबर, यूजर बरोबर, तरी नव्या सर्व्हरवरून स्विचमध्ये लॉगिन का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्विच-राउटरच्या कॉन्फिगरेशनचा रात्रीचा बॅकअप घेणारा जुना लिनक्स सर्व्हर काढून त्याजागी रेड हॅट ९ चा नवा सर्व्हर उभा केला. स्क्रिप्ट, यूजर आणि पासवर्ड तेच ठेवले. नव्या सिस्को स्विचवर लॉगिन होतं, जुन्या स्विचवर अजिबात होत नाही आणि दोन राउटर कधी आत घेतात, कधी नाही. लॅपटॉपवरच्या पुटी या लॉगिन प्रोग्रॅममधून मात्र सगळीकडे जाता येतं. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये फक्त ‘लॉगिन फेल्ड’ दिसतं. पासवर्ड बदलून पाहिला, उपयोग झाला नाही. आता नेटवर्कवाले सर्व्हरकडे बोट दाखवतात आणि सर्व्हरवाले नेटवर्ककडे.

पासवर्डला हात लावणं आधी थांबवा. तुमच्या वर्णनावरून बहुतेक जुन्या स्विचपर्यंत पासवर्ड पोचतच नाही. एसएसएचमध्ये, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीत, पासवर्डची पाळी बरीच उशिरा येते. आधी टीसीपी जोडणी होते, मग दोन्ही बाजू आपापली आवृत्ती सांगतात, मग कोणते अल्गोरिदम वापरायचे ते ठरतं, चाव्यांची देवाणघेवाण होते, उपकरण आपल्या होस्ट-कीने (ओळखीच्या चावीने) ओळख पटवतं आणि त्यानंतर कुठे यूजर-पासवर्ड. पुढे पुन्हा ‘हा माणूस आत यावा का’ याची परवानगी आणि प्रॉम्प्ट. यातलं काहीही मोडलं तरी स्क्रिप्ट एकच शिक्का मारते. शिवाय तुमच्याकडे एक नाही, निदान दोन वेगळे बिघाड आहेत. जुने स्विच कायम नाकारतात तो एक, राउटर अधूनमधून नाकारतात तो दुसरा. दोन्हींना एकच औषध शोधत बसलात तर साप सोडून भुई धोपटणं होईल.

स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि त्याच सर्व्हरवरून, ज्या यूजरखाली क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालतो त्याच यूजरने, हाताने एसएसएच करून बघा. ‘त्याच यूजरने’ हे महत्त्वाचं. रूट या सर्वाधिकारी यूजरने करून पाहिलं आणि चाललं, याला काही अर्थ नाही. रूटची नोन-होस्ट्स फाइल (ओळखीच्या उपकरणांच्या चाव्यांची) वेगळी, चाव्या वेगळ्या, कॉन्फिग वेगळं. एसएसएचच्या आदेशाला वजा चिन्हापुढे तीन व्ही लावा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. शंभरेक ओळी येतील, त्या सगळ्या वाचायच्या नाहीत. शेवटून वर वाचत जा आणि बोलणं कुठल्या ओळीला तुटलं तेवढं बघा.

‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ ही ओळच आली नसेल तर मामला टीसीपीचा आहे. ‘टाइम्ड आउट’ आलं तर तुमचं पाकीट (डेटाचं पॅकेट) वाटेत कुणीतरी गिळलं, किंवा तिकडून निघालेलं उत्तर परत पोचलं नाही. या दुसऱ्या शक्यतेकडे लोक पाहत नाहीत. नवा सर्व्हर नव्या सबनेटमध्ये असेल आणि स्विचच्या मॅनेजमेंट व्हीआरएफमध्ये (व्यवस्थापनाच्या वेगळ्या राउटिंग टेबलात) त्या सबनेटकडे परतीचा मार्ग नसेल, तर नेमकं हेच होतं. ‘रिफ्युज्ड’ आलं तर समोरून स्पष्ट नकार आलाय, म्हणजे वाट ठीक आहे. सिस्कोवर या नकाराची नेहमीची कारणं अशी: व्हीटीवाय (दुरून लॉगिन करायच्या) लाइनवरच्या अ‍ॅक्सेस-क्लासमध्ये, म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्या यादीत, तुमचा नवा आयपी नाही, सगळ्या व्हीटीवाय भरल्यात, किंवा चुकीच्या पासवर्डांचा मारा झाल्यामुळे ‘लॉगिन ब्लॉक-फॉर’ने दार काही काळ बंद केलंय. हे शेवटचं असेल तर स्विचच्या लॉगमध्ये ‘क्वाएट मोड ऑन’ अशी नोंद सापडते, आणि तो मारा बहुधा तुमच्याच स्क्रिप्टने केलेला असतो.

‘नो रूट टू होस्ट’ या संदेशाने अनेकांचे दिवस वाया गेलेत. वाचून वाटतं राउटिंगचा घोळ आहे. प्रत्यक्षात वाटेतल्या एखाद्या राउटरने अ‍ॅक्सेस-लिस्टमुळे पाकीट अडवलं आणि ‘प्रशासकीय मनाई’ असा आयसीएमपी निरोप पाठवला, तरी लिनक्स त्याचं भाषांतर ‘नो रूट टू होस्ट’ असंच करतं. रूट टेबल धुंडाळण्याआधी टीसीपीडम्प हा पाकिटं टिपणारा प्रोग्रॅम लावून तो निरोप कोणाच्या आयपीवरून येतो ते बघा. ज्याच्याकडून येतो, त्याच डब्यावर अ‍ॅक्सेस-लिस्ट आहे.

व्हीआरएफची आणखी एक खोड. आयओएसमध्ये, म्हणजे सिस्को उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये, अ‍ॅक्सेस-क्लासच्या ओळीच्या शेवटी ‘व्हीआरएफ-ऑल्सो’ हा शब्द नसेल, तर व्हीआरएफमधल्या इंटरफेसवरून येणारी जोडणी नाकारली जाते. लिस्टमध्ये तुमचा आयपी दिसत असतो आणि नेटवर्कवाला शपथेवर सांगतो की परवानगी आहे. तो आणि ‘लॉगिन होत नाही’ म्हणणारे तुम्ही, दोघंही खरं बोलत असता. तुमच्या सर्व्हरला दोन-तीन नेटवर्क कार्डं असतील, तर तो कुठल्या आयपीवरून बाहेर पडतोय तेही ‘आयपी रूट गेट’ला स्विचचा पत्ता देऊन तपासा. अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये एक आयपी आणि सर्व्हर निघतो दुसऱ्यावरून, हे नव्या सर्व्हरवर फार घडतं.

आता जुन्या स्विचकडे येतो. माझा अंदाज असा की तिथे टीसीपी होतेय आणि गाडी अल्गोरिदमवर अडतेय. तीन व्हीच्या आउटपुटमध्ये साधारण अशी ओळ दिसेल: ‘अनएबल टू निगोशिएट विथ १०.२०.४.११ पोर्ट २२: नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड फाउंड. देअर ऑफर: डिफी-हेलमन-ग्रुप१-शा१’. किंवा ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड. देअर ऑफर: एसएसएच-आरएसए’. ‘देअर ऑफर’नंतरचा भाग काळजीपूर्वक वाचा, कारण त्या प्रकारात स्विचला काय येतं याची ती पूर्ण यादी आहे. स्विच काहीच बदललेला नाही. बदललाय तो तुमचा क्लायंट.

ओपनएसएसएचने, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या एसएसएच प्रोग्रॅमने, जुने अल्गोरिदम एकेक करून बंद केले. २०१५ च्या ७.० आवृत्तीत ग्रुप१-शा१ आणि डीएसएस चाव्या डीफॉल्टमधून गेल्या. २०१७ च्या ७.६ मध्ये क्लायंटने सीबीसी सायफर (एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धती) स्वतःहून देणं बंद केलं आणि एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीचा आधार पूर्ण काढला. २०२० च्या ८.२ मध्ये ग्रुप१४-शा१ गेला. २०२१ च्या ८.८ मध्ये शा-१ ही जुनी हॅश पद्धत वापरून केलेल्या आरएसए सह्या, म्हणजे यादीत दिसणारा ‘एसएसएच-आरएसए’, बंद झाल्या. २०२५ च्या १०.० मध्ये डीएसए (यादीतलं नाव डीएसएस) कायमचा हद्दपार झाला. दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्विच आणि आजचा लिनक्स यांच्यात सामाईक काही उरत नाही ते यामुळे. पुटी चालते कारण ती हे जुने प्रकार अजून बाळगून आहे. ते यादीत खाली ठेवते आणि फार तर एक इशारा दाखवते. तो इशारा तुम्ही केव्हातरी ‘येस’ दाबून विसरून गेला असाल. म्हणून ‘लॅपटॉपवरून होतं’ या पुराव्यावरून स्विच निर्दोष ठरत नाही आणि सर्व्हर दोषीही ठरत नाही.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये केक्स-अल्गोरिदम्स (चाव्यांच्या देवाणघेवाणीचे) आणि होस्ट-की-अल्गोरिदम्स या ओळींत अधिक चिन्ह लावून जुनी नावं जोडायची. उपाय बरोबर आहे, दोन पथ्यं पाळली तर. पहिलं पथ्य: अधिक चिन्ह विसरू नका. ते नसेल तर डीफॉल्ट यादीत भर पडत नाही, अख्खी यादीच बदलते, आणि मग जे नवे स्विच चालत होते तेही बंद पडतात. दुसरं पथ्य: ही सूट ‘होस्ट’च्या ओळीखाली फक्त त्या जुन्या स्विचच्या नावांना किंवा पत्त्यांना द्या, ‘होस्ट *’ खाली नको. मोजक्या जुन्या डब्यांसाठी सगळ्या सर्व्हरची कवाडं सैल करायचं कारण नाही.

त्यातही एसएसएच कॉन्फिगमध्ये एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी सापडते तीच धरली जाते, नंतरची नाही. आधी यूजरची फाइल वाचली जाते, मग सिस्टिमची. त्यामुळे वर कुठेतरी ‘होस्ट *’ खाली तीच सेटिंग असेल तर तुमची खालची खास ओळ वाया जाते. अंदाज बांधत बसू नका. एसएसएचला मोठा जी हा पर्याय आणि स्विचचं नाव द्या. त्या स्विचसाठी शेवटी कोणती सेटिंग लागू होणार ते तो जोडणी न करता छापून देतो.

तुमचा सर्व्हर रेड हॅट ९ असल्यामुळे मात्र एवढ्याने भागणार नाही. तिथे ओपनएसएसएचच्या खाली क्रिप्टो-पॉलिसी नावाचा सगळ्या सिस्टिमचा एक थर आहे, आणि ९ च्या डीफॉल्ट पॉलिसीत शा-१ च्या सह्यांना ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीच्या पातळीवरच मनाई आहे. तुम्ही एसएसएच-आरएसए जोडता, वाटाघाटी पार पडतात, आणि लगेच ‘एरर इन लिबक्रिप्टो’ म्हणून जोडणी पडते. ही ओळ दिसली की एसएसएच कॉन्फिगमध्ये आणखी डोकं घालू नका. ‘अपडेट-क्रिप्टो-पॉलिसीज’ने ‘डीफॉल्ट:शा१’ अशी उपपॉलिसी लावता येते, पण ती त्या सर्व्हरवरच्या सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होते. बॅकअप सर्व्हरकडे प्रत्येक नेटवर्क उपकरणाच्या चाव्या असतात, त्यामुळे नेमका तोच सर्व्हर सैल करणं मला पटत नाही. जुन्या स्विचपुरता एक छोटा कंटेनर किंवा जम्प-होस्ट (मधला सर्व्हर) ठेवा, त्यात जुनाट क्लायंट असू द्या, आणि त्याला त्या स्विचच्या मॅनेजमेंट नेटवर्कपलीकडे कुठेही जाता येणार नाही असं करा. स्विच बदलले की तोही मोडून टाका.

‘मग स्विचवर नवी आरएसए चावी बनवू’ असं कुणीतरी नक्की सुचवेल. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आरएसए चावी वाईट नाही. त्याच चावीने शा-२ वापरूनही सही करता येते. प्रश्न इतकाच की जुन्या आयओएसला ती पद्धत माहीत नाही, आणि नवी चावी बनवल्याने आयओएसला नवं ज्ञान होत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरच चढवावं लागतं, नव्या आयओएस-एक्सईमध्ये आरएसए-शा२ आहे. नवी चावी कामाला येते ती वेगळ्या तक्रारीवर: ‘बॅड सर्व्हर होस्ट की: इनव्हॅलिड की लेंग्थ’. जुन्या काळी लोक मॉड्युलस (चावीची लांबी) विचारल्यावर ७६८ किंवा १०२४ टाकून मोकळे व्हायचे, आणि रेड हॅट ९ ची डीफॉल्ट पॉलिसी २०४८ पेक्षा लहान आरएसए चावी घेत नाही. हा संदेश असेल तर स्विचवर २०४८ ची चावी बनवा. हे करताना चालू सत्र उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. कन्सोलची केबल हाताशी असलेली बरी.

चावी बदलली की सर्व्हर ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ म्हणून ओरडणार. बिघडलेला स्विच वॉरंटीत बदलून आला तरी तेच होतं. माणूस समोर असेल तर तो संदेश वाचतो, क्रॉनमधली स्क्रिप्ट नुसती मरते. अशा वेळी होस्ट-कीची तपासणीच बंद करून टाकायची सवय फार पसरली आहे. ती लावू नका. तुमची स्क्रिप्ट पासवर्डने लॉगिन करते, म्हणजे उद्या त्या आयपीवर दुसरंच कुणी बसलं तर तुम्ही त्याला पासवर्ड नेऊन देणार. एसएसएच-कीजेनने त्या एका स्विचची जुनी नोंद काढा, कन्सोलवरून खात्री करून नवी घाला. नवे स्विच आपोआप घ्यायचे असतील तर ‘अ‍ॅक्सेप्ट-न्यू’ हा पर्याय आहे. तो अनोळखी उपकरण स्वीकारतो, पण बदललेली चावी नाकारतो.

एक अवघड लक्षण इथेच सांगतो, कारण तेही याच टप्प्यावर दिसतं. आउटपुट ‘एक्स्पेक्टिंग … केक्स … रिप्लाय’ अशा ओळीवर येऊन नुसतं थांबून राहतं, नकार नाही, काही नाही. हे बहुतेक वेळा एमटीयूचं, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटाच्या मर्यादेचं, दुखणं असतं. अल्गोरिदमच्या याद्यांचं पाकीट मोठं असतं, आणि वाटेत जीआरई किंवा आयपीसेक टनेल असेल तर छोटी पाकिटं जातात, मोठं अडकतं. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटचं पाकीट पाठवा. २८ बाइट हेडरचे धरून ते १५०० होतं. ते गेलं नाही आणि १४०० चं गेलं, तर टनेलवाल्याला फोन लावा.

आता ते दोन राउटर. अधूनमधून होणारं अपयश अल्गोरिदममुळे होत नाही, तिथे जुळतं किंवा जुळत नाही. म्हणून इथे मी आधी व्हीटीवाय बघेन. अनेक राउटरवर शून्य ते चार अशा पाचच लाइन उघड्या असतात. स्क्रिप्ट बॅकअप घेऊन नीट ‘एक्झिट’ न करता मरत असेल, तर ते सत्र एक्झेक-टाइमआउट होईपर्यंत, म्हणजे डीफॉल्टने १० मिनिटं, जागा अडवून बसतं. कुणी लाडाने ‘एक्झेक-टाइमआउट ० ०’ टाकलं असेल तर ते कधीच उठत नाही. मॉनिटरिंगवाले, बॅकअपवाले आणि जेवायला गेलेला एखादा इंजिनिअर मिळून पाच जागा सहज भरतात. अपयश आलं त्या क्षणी कन्सोलवरून ‘शो यूजर्स’ बघा. शून्य ते चार आणि पाच ते पंधरा या लाइनना वेगवेगळं कॉन्फिगरेशन असेल तर आणखी गंमत: सहावा येणारा भलत्याच नियमांखाली आत येतो, आणि मग तोच पासवर्ड कधी चालतो, कधी नाही.

व्हीटीवाय रिकाम्या असतील तर टॅकॅक्स, म्हणजे यूजर-पासवर्ड मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासून घेण्याची सोय. राउटरच्या यादीतला पहिला टॅकॅक्स सर्व्हर मेला असेल, तर राउटर त्याची डीफॉल्टने ५ सेकंद वाट बघतो आणि मग दुसऱ्याकडे जातो. हे लॉगिनला होतं, परवानगीला होतं, हिशेबाच्या नोंदीलाही होतं. माणसाला वाटतं राउटर जरा संथ आहे. स्क्रिप्टची दहा सेकंदांची मर्यादा मात्र तेवढ्यात उलटते आणि लॉगमध्ये पुन्हा तेच ‘लॉगिन फेल्ड’. राउटरवरून टॅकॅक्स सर्व्हरच्या ४९ नंबरच्या पोर्टला टेलनेट लागतं का बघा, आणि राउटर कुठल्या सोर्स-इंटरफेसवरून जातोय तेही. टॅकॅक्सवर नोंदवलेला आयपी वेगळा असेल तर तिथून उत्तरच येत नाही.

टॅकॅक्सबद्दलचा एक पक्का गैरसमज असा, की ‘ग्रुप टॅकॅक्स+ लोकल’ लिहिलं म्हणजे टॅकॅक्सने नाकारलं तर लोकल यूजर चालेल. तसं होत नाही. लोकलची पाळी टॅकॅक्सने उत्तरच दिलं नाही तर येते. ‘नाही’ हेही उत्तरच आहे. म्हणून बॅकअपचा यूजर फक्त राउटरवर लोकल बनवला असेल आणि टॅकॅक्सला तो माहीत नसेल, तर टॅकॅक्स जिवंत असताना लॉगिन होत नाही आणि टॅकॅक्स पडल्यावर होतं! ‘कधी घेतो, कधी नाही’ याचं हे अतिशय चोख स्पष्टीकरण आहे. तुमच्या राउटरवर हेच असलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बाकी किरकोळ, पण वेळ खाणारं. ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ आलं तर पासवर्ड विचारण्याआधी तुमचा क्लायंट एजंटमधल्या (चाव्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) सगळ्या चाव्या एकेक करून देत असतो आणि उपकरणाची सहनशक्ती तिथेच संपते. ‘आयडेंटिटीज-ओन्ली’ चालू करा किंवा त्या स्विचपुरतं पब्लिक-की बंद ठेवा. पॅरामिको किंवा नेटमिको या पायथन लायब्ररी वापरत असाल तर तिथेही एजंट आणि चाव्या शोधण्याचे पर्याय आहेत. पासवर्डमध्ये डॉलर किंवा उद्गारचिन्ह असेल तर शेलमध्ये तो एकेरी अवतरणात ठेवा. प्रश्नचिन्ह असेल तर आयओएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये तो टाइप करताना मदतीची यादीच उघडते, आधी कंट्रोल-व्ही दाबावं लागतं. पासवर्ड स्वीकारून लगेच जोडणी तुटत असेल तर तो ऑथरायझेशनचा, म्हणजे परवानगीचा प्रश्न, पासवर्डचा नाही. आणि हाताने लॉगिन होतं पण स्क्रिप्ट लटकते असं असेल, तर बॅनर बघा. चौकट सजवायला कुणी हॅशच्या ओळी काढल्या असतील, तर स्क्रिप्ट त्यालाच प्रॉम्प्ट समजते.

उपकरणाच्या बाजूने पुरावा हवा असेल तर स्विचच्या लॉगमध्ये ‘एसएसएच-३-नो-मॅच’ ही नोंद शोधा. क्लायंटने काय दिलं आणि स्विचने काय मागितलं ते दोन्ही त्यात लिहिलेलं असतं. नेटवर्कवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा ती एक ओळ त्यांना पाठवलेली बरी. डीबग लावायचंच असेल तर ‘डीबग आयपी एसएसएच’ आणि ‘डीबग टॅकॅक्स’ पुरेसे आहेत, दोन मिनिटं लावा आणि ‘अनडीबग ऑल’ करा.

एवढं करून अडलात तर मला हे पाठवा: एका जुन्या स्विचचं आणि एका राउटरचं तीन व्हीचं आउटपुट, त्याच क्षणाचा उपकरणावरचा लॉग आणि व्हीटीवाय व एएएच्या (लॉगिन, परवानगी आणि नोंदींच्या) कॉन्फिगरेशनच्या ओळी. त्या आउटपुटमध्ये पासवर्ड छापला जात नाही, पण यूजरचं नाव आणि आयपी असतात, ते खोडून पाठवा. कॉन्फिगरेशनमधल्या ‘सिक्रेट’ आणि टॅकॅक्स-कीच्या ओळीही काढा. त्यातल्या ‘पासवर्ड ७’च्या ओळी तर आधी काढा, ते एन्क्रिप्शन कुणीही सेकंदात उलटवू शकतो.